खोक्याचे वजन

युद्ध संपले होते, साखरेचे रेशन संपले नव्हते, आणि सांगलीच्या आवेष्टन संशोधन मंदिराचे आंतरराष्ट्रीय सहकार्य नुकतेच सुरू झाले होते. मालाची बांधाबांध शास्त्रीय व्हावी हा मंदिराचा उद्देश. गावात त्याला खोक्याची कचेरी म्हणत. तिचे चिटणीस लालासाहेब हे पलटणीच्या कोठारातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आलेल्या मालाची पोच दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

सहकार्याचा शुभारंभ म्हणून युरोपातल्या एका भगिनीसंस्थेने जाड कागदाचे एक रिकामे खोके तपासणीसाठी पाठवले. इतके देखणे की शिपायाने हात धुऊन मगच ते उचलले. मंदिराने ते नियमाप्रमाणे माडीवरून टाकले, बैलगाडीतून मिरजेला नेऊन आणले, वर कृष्णेचे पाणी शिंपडले. खोक्याला काही झाले नाही. गाडीचे मात्र चाक निखळले. आता खोके परत पाठवायचे, एवढेच काम उरले होते.

जेवताना लालासाहेबांनी हा विषय सहज घरी काढला आणि तिथेच घात झाला.

"आवं, दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडत्यात व्हय?" त्यांच्या पत्नी बयाबाई म्हणाल्या. "शेजारणीची वाटीसुदीक आपुन रिकामी देत न्हाई. मूठभर साखर घाला त्यात. न्हाईतर सातासमुद्रापल्याड माझं नाव निघंल."

दुसऱ्या दिवशी हे मंदिराच्या अध्यक्षांनाही पटले. ते उच्चविद्याविभूषित असले तरी त्यांनाही आई होती. मूठभर साखर एवढ्या खोक्यात दिसेना, तेव्हा राष्ट्राच्या अब्रूसाठी खोके काठोकाठ भरून, सील करून पाठवावे असा ठराव झाला. साखरेची तरतूद मंदिराकडे नव्हती, पण लालासाहेबांच्या घरी होती. लेक हरणा हिचे लग्न वैशाखात होते. फलटणचे व्याही दादासो यांनी हुंडा मागितला नव्हता. फक्त निघताना प्रत्येक वऱ्हाड्याच्या हातात बुंदीचे लाडू पडावेत, एवढीच त्यांची अट होती. त्यासाठी बयाबाई वर्षभर गुळाचा चहा पिऊन रेशनची साखर साठवत होत्या. लग्नासाठी जादा साखरेचे सरकारी परमिट अजून वेगळे मिळायचे होते. त्यामुळे एक खोकेभर साखर द्यायला त्यांनी हात आखडला नाही.

काही महिन्यांनी उत्तर आले. भगिनीसंस्थेच्या विद्वानांनी खोके उघडलेच नव्हते. सील मोडले तर नमुना बाद होतो, असा त्यांचा नियम. त्यांनी ते नुसते तोलले, आणि सांगलीच्या हवेत रिकाम्या खोक्याचे वजन कैक पटींनी वाढते असा, शास्त्राला सर्वस्वी नवा, शोध लावला. अभिनंदन करून त्यांनी खात्रीसाठी आणखी गाडाभर खोकी पाठवली. बातमी ऐकून दुसऱ्या दोन देशांच्या संस्थांनीही आपापली खोकी धाडली.

लालासाहेब अध्यक्षांकडे धावले.

"साहेब, आमी साखर भरली व्हती म्हणून कळवून टाकू की."

"भलतेच! या शोधावरचा दोन्ही संस्थांचा निबंध छापून झालाय, खाली माझी सही आहे. आता खोकी हलकी गेली तर शास्त्र खोटे पडेल."

"मग वाळू भरू?"

"शास्त्रात भेसळ नको, लालासाहेब."

साखर पुरवणाऱ्या अधिकाऱ्याने कळवले की, संशोधनासाठी साखर देण्याचा नियम नाही, लग्नासाठी आहे. अध्यक्षांनी लालासाहेबांकडे पाहिले. पलटणीत त्यांना हुकूम मोडायला कुणी शिकवले नव्हते. परमिटावरची साखर खोक्यांत भरून परस्पर बंदरावर गेली, पाठोपाठ घरची साठवणही गेली. भरपाईचा प्रस्ताव विचाराधीन राहिला.

वैशाख उजाडला. अक्षता पडल्या. पंगत कशीबशी गुळावर निभावली, पण वऱ्हाड निघायची वेळ झाली तरी लाडवांचा पत्ता नव्हता. पाठवणीला उभ्या असलेल्या हरणाकडे बघायचे धैर्य लालासाहेबांना होईना. लेकीच्या लग्नाची साखर आपण परक्यांच्या वजनकाट्यावर घातली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्याच सकाळी परदेशातून नव्या खोक्यांची गाडी आली होती. दुसरे काही सुचेना, तेव्हा त्यांनी प्रत्येक वऱ्हाड्याच्या हातात एकेक बंद खोके ठेवले आणि मांडवामागे जाऊन बसले.

गाड्या माधवनगरापर्यंत गेल्या असतील नसतील, तोच दादासो घोड्यावरून परत आले. लालासाहेबांनी डोक्यावरचा पटका काढून त्यांच्या पायाशी ठेवला.

"पावनं, माफी करा. पोरीला बोल लावू नगा. चूक माझी हाय."

"चूक तर झालीच की," दादासो म्हणाले. "समद्यांनी वाटंतच उघडून बघितलं. आन माझ्या धाकट्या भावजयीला न्हाईच मिळालं! ती रुसून बसलीया. हाय का एखादं?"

लालासाहेबांनी मान वर केली. "आन... लाडू?"

"लाडवाचं काय घिऊन बसलाय! दोन दिसांत संपलं असतं. ह्यात कवाबी, काय बी ठेवता येतंय. झाकणावर फुलं असलेलं द्या, गड्या."

हरणा सुखाने नांदली. फलटणच्या त्या घरांतून ती खोकी अजून आहेत. खराब होतील म्हणून त्यांत आजवर कुणी काही ठेवलेले नाही.

वाचकांनी हसू नये. आधी आपल्या माळ्यावर चढून यावे. फेकवत नाही म्हणून ठेवलेले एक देखणे खोके तिथे असेलच. त्यातून काय आले होते हे आठवत असल्यास मंदिराच्या चिटणीसांना अवश्य कळवावे.