थोरल्या व धाकट्या लॅपटॉपांची आणि मधल्या गावाची हकीकत

श्री. जिने पडदे लहानमोठे घडविले आणि मांड्या मात्र दोनच दिल्या, त्या आदिमायेस नमन करून, आणि ज्याच्या दैवी जे वजन आले ते त्याने निमूट वाहावे ऐसे मनास बजावून, ही हकीकत मांडिली आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, भाद्रपदाचा वद्य पक्ष. दिवस पितरांचे, आभाळ मिटलेले, राजवाड्यात झाडून सर्वांस पडसे जाहालेले, आणि खुद्द महाराज गळ्यास मफलर गुंडाळून तख्ती बसत होते. राज्य फार थोर नव्हे. इकडे घाट, तिकडे घाट आणि मधे उरले ते राज्य, ऐसे होते. तशात शेजारच्या राज्याकडून निरोप आला की, हद्दीचा कज्जा बहुत दिवस लोंबतो आहे, तरी दसरा उरकून खिंडीच्या माथ्यावर उभयतांनी बसावे आणि आपापला नकाशा उघडून दाखवावा. जो जे गाव दाखवील ते त्याचे, आणि जे दाखविता येणार नाही त्यावरचा हक्क सुटला ऐसे समजावे.

नकाशाचे काम गोंदोपंत चिटणीस यांजकडे होते. हे गृहस्थ अंगाने किडकिडीत आणि स्वभावाने ऐसे की, कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच माफी मागत. हद्दीवर आंबेघोळ म्हणून गाव होते, तेथे त्यांची थोरली बहीण ठकूआक्का राहात होती. आईबाप लवकर गेले, मग आक्कानेच पंतांस वाढविले, आणि पुढे पंत दरबारी चाकरीस गेले तरी दर भाऊबीजेस तिच्या ओट्यावर पाट मांडलेला असे. ती ओवाळी आणि म्हणे, "वाळलास रे गोंद्या. दरबारात खायला घालत नाहीत का?" मग पंत जेवावयास बसत आणि वर्षातून तेवढे एकदाच पोटभर जेवीत. म्हणोन आंबेघोळ गेले असता राज्याचे एक गाव जाई आणि पंतांचे होते नव्हते ते सगळेच जाई. हे पंतांस ठाऊक होते. दरबारास ठाऊक नव्हते, कारण पंतांस घर आहे की नाही हे दरबाराने कधी विचारिलेच नव्हते.

दरबारी जुना संगणक होता तो भिंतीत बसविलेला, खिंडीत न्यावा तर भिंतही न्यावी लागे. म्हणोन लॅपटॉप घेणे ठरले, आणि पंत बाजारी हिराचंद शेठच्या दुकानी गेले. शेठने सतरा इंची दाखविला तो चौरंगाएवढा, अकरा इंची दाखविला तो पाटीएवढा, मग खालच्या फळीवरून चौदा इंची काढिला आणि पंतांच्या मांडीवर ठेविला. म्हणाले, "पंत, जरा घेऊन बसा. मान दुखत नाही, खांदा तुटत नाही, तुमचा नकाशा बिनतक्रार उघडतो, आणि एकदा चार्ज केला की दिवस काढतो. संसाराला तरी आणखी काय लागतं." पंतांनी तो मांडीवर घेतला, त्यात हद्दीचा नकाशा उघडून पाहिला, आंबेघोळचा पार दिसला, आक्काच्या दारची चिंच दिसली, आणि पंत दुकान बंद होईतो तसेच बसून राहिले. शेठने दिवे मालविले तेव्हां उठले. उठताना त्यांस मांडी रिकामी रिकामी वाटू लागली.

दुसरे दिवशी दरबार भरला. सरनोबत रखमाजीराव ढमाले हे उभे राहिले आणि बोलिले, "सतरा इंचीच घ्यावा. झाकण उघडलं की समोरच्याला धाप लागली पाहिजे. पंखा सुरू झाला म्हणजे हत्ती आला असं वाटलं पाहिजे. शेजाऱ्यापुढे आपण काय शाळेची पाटी घेऊन जायचं?" त्यावर त्रिंबकपंत फडणीस उठले, म्हणजे निम्मे उठले, कारण त्यांची कंबर कैक वर्षे दुखत होती आणि राज्याचे सारे धोरण त्या कंबरेवरून ठरत होते. ते बोलिले, "सरनोबत, हत्ती घाट चढून नेणार कोण? तुम्ही पुढे घोड्यावर, मागे वाहणारा मरतो. अकरा इंची घ्या. काखोटीला मारला की झालं." रखमाजीराव म्हणाले, "आणि नकाशा?" त्रिंबकपंत म्हणाले, "उघडेल. सावकाश उघडेल. घाई कोणाला आहे?" मग अकरा इंचीत नकाशा लावून पाहिला, तो पडद्यावर एक वाटोळे चक्र उगवले आणि फिरू लागले, आणि राजपुरोहितांनी ते सुदर्शन आहे ऐसे सांगून हात जोडिले, मग सर्वांनी जोडिले, आणि दुपारचे जेवण होऊन परत आले तरी ते फिरतच होते.

तेव्हां महाराज शिंकले आणि म्हणाले, "चिटणीस, वाहणार तुम्ही, दाखवणार तुम्ही. तुम्ही बोला." पंतांच्या जिभेवर चौदा हा आकडा येऊन बसला. ओठ उघडण्याचेच काय ते बाकी होते. इतक्यात रखमाजीरावांनी मिशीस हात घातला आणि त्रिंबकपंतांनी कंबरेस हात लाविला, आणि पंतांनी दोन्ही हात पाहिले, आणि तो आकडा गिळिला, आणि बोलिले, "दोन्ही बाजू विचार करण्याजोग्या आहेत, महाराज."

आता त्या राज्यात पूर्वापार रिवाज ऐसा की, दोन मानकऱ्यांत वाद पडून निवाडा होईना तर दोघांनी तख्तापुढे एकेक विडा ठेवावा, आणि महाराजांनी दोन्ही विडे एकदम तोंडात घ्यावे, म्हणजे कोणाचा मान कमी होत नाही. दोन विडे तोंडात असता माणसास बोलता येत नाही. म्हणोन महाराज ते चावून होईतो नुसती मान हलवीत, आणि त्या अवधीत जो जे विचारील ते मंजूर होई. राज्याचे निम्मे कायदे ऐसेच जाहाले होते. त्याप्रमाणे विडे ठेविले, महाराजांनी घेतले, गाल फुगले. रखमाजीरावांनी विचारिले, थोरला घ्यावा? मान हलली. त्रिंबकपंतांनी विचारिले, धाकटा घ्यावा? मान हलली. मग सभेत प्रश्न पडला की धाकट्यात तर नकाशा उघडत नाही, तर त्यास न्यावे कशास, आणि न न्यावे तर फडणिसांचा मान कोठे राहिला. सर्वांनी पंतांकडे पाहिले. पंत घामाघूम जाहाले, आणि भीतीपोटी माणसास जी हुशारी सुचते ती त्यांस सुचली. बोलिले, "नकाशाचे दोन भाग करू. पूर्वेचा अर्धा थोरल्यात, पश्चिमेचा अर्धा धाकट्यात. अर्धा असला तर धाकटाही उघडेल. खिंडीत दोन्ही शेजारी ठेवले की अखंड." मान हलली. दरबारात वाहवा जाहाली, आणि पंतांस शाल मिळाली, ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच. मग दोन्ही मानकऱ्यांनी दोरी धरून नकाशा काटेकोर अर्धा करविला, कोणास केसभर कमी नको, आणि ती दोरी आंबेघोळच्या पारावरून, बरोबर मधून गेली. पंतांनी पाहिले. मनास म्हणाले, शेजारी ठेविले की जुळेल. आणि शाल सारखी करून घेतली.

दसरा जाहाला आणि स्वारी निघाली. थोरल्याचा चार्जर विटेएवढा, तो मानाचा सरंजाम म्हणोन त्यास पालखी दिली, आणि पंत थोरला पाठीशी बांधून व धाकटा काखेत धरून पायी चालू लागले. घाट लागला तेव्हां रखमाजीरावांनी हुकूम केला, "थोरला चालू करा." पंत म्हणाले, "सरकार, माथ्यावर वीज नाही. दम संपेल." सरनोबत म्हणाले, "त्याचा पंखा हेच आपलं रणवाद्य. रणवाद्य बंद ठेवून कुठली फौज हद्दीवर गेली आहे? अपशकुन होतो." मग थोरला पाठीवर घोंघावत चालला, आणि पंतांची पाठ भाजत चालली, आणि धुके ऐसे दाटले की पुढची पालखीही दिसेना, नुसता तो घोंघाट ऐकू येई, आणि वाटेतले गुराखी मधमाश्या उठल्या समजून कांबळी पांघरून आडवे होत.

माथ्यावर शेजारचे वकील बहिरोपंत एकटेच तट्टावर येऊन बसले होते. त्यांनी राम राम केला, खांद्याच्या कापडी पिशवीतून आधी भाकरी काढिली, ती खाल्ली, हात पुसले, आणि मग त्याच पिशवीतून चौदा इंची लॅपटॉप काढून मांडीवर ठेविला. झाकणावर हिराचंद शेठच्या दुकानाची चिठी अद्याप तशीच होती. पंतांनी तो ओळखिला. त्यांच्या मांडीस उगीच गार वाटले. बहिरोपंतांनी आपली गावे भराभर दाखविली आणि अदबीने म्हणाले, "आता आपलं होऊ द्या."

पंतांनी थोरला व धाकटा खडकावर शेजारी मांडिले. थोरल्यात पूर्व उघडली, धाकट्यात चक्र फिरून फिरून अखेर पश्चिम उघडली. थोरल्या पडद्यात शेते थोर दिसत, धाकट्यात तीच धाकटी. थोरल्यातली वाट धाकट्यात शिरताना शेळीच्या वाटेएवढी होई, ओढा एकीकडे कमरेएवढा आणि दुसरीकडे दोऱ्याएवढा, आणि दोहोंच्या मधे दोन काळ्या चौकटी, आणि पार नेमका त्या चौकटींच्या जागी. पंतांनी धाकटा वर धरिला, खाली धरिला, तिरका धरिला. बहिरोपंत वाकून पाहात होते. म्हणाले, "आंबेघोळ कुठं आहे?"

"मधे आहे," पंत म्हणाले.

"कशाच्या मधे?"

पंत थोरल्याकडे वळले आणि आक्काच्या दारची चिंच शोधू लागले, ती सापडली, कौलेही दिसली, ते बोट दाखवावयास गेले, आणि थोरल्याने एक सुस्कारा टाकिला आणि पंखा थांबला आणि पडदा काळा जाहाला. खिंडीत एकदम ऐसी शांतता जाहाली की त्रिंबकपंतांच्या कंबरेचा आवाज ऐकू आला. बहिरोपंत भले गृहस्थ होते. त्यांनी आपला लॅपटॉप पुढे सरकविला आणि म्हणाले, "हे पाहा पंत, आमच्या नकाशात ते गाव तुमचंच लिहिलं आहे. यावरून दाखवा. मी हरकत घेत नाही. फक्त दाखवायचं तुम्ही, एवढाच नियम." पंतांनी हात पुढे केला. तेव्हां रखमाजीराव आणि त्रिंबकपंत एकमेकांकडे पाहते जाहाले, आणि जन्मात प्रथमच एका तोंडाने बोलिले, "परक्याच्या मांडीवर आमची हद्द उघडायची नाही." पंतांचा हात तेथेच राहिला. त्यांनी तो पुढे नेला असता तर आणखी वीतभरच न्यावयाचा होता. मग तो हात त्यांनी शालीत घेतला. बहिरोपंतांनी क्षणभर वाट पाहिली आणि तहात लिहिले: आंबेघोळ, दाखविले नाही.

येणेकरून ते गाव यांचे राहिले नाही, आणि शेजाऱ्यांनी मागितले नव्हते म्हणोन त्यांचेही जाहाले नाही. दोन्ही राज्यांनी भोवती चौक्या बसविल्या. आत जावयास परवाना लागे, आणि तो कोणाकडून आणावा हे कोणास सांगता येईना. भाऊबीज आली तेव्हां पंत चौकीवर गेले. पहारेकरी म्हणाला, "पंत, तुम्हाला सोडलं असतं. पण कुठं सोडलं म्हणून लिहू?" म्हणोन पंत ओढ्याच्या अलीकडे उभे राहिले, आणि आक्का ताम्हण घेऊन पलीकडे आली. वारा होता. निरांजन दोनदा विझले, तिने पदराआड धरून पुन्हा लाविले आणि पाण्यावरून ओवाळिले, आणि पंतांनी मान लवविली.

"वाळलास रे गोंद्या," ती म्हणाली.

"कसं चाललंय, आक्का?"

"बरंच म्हणायचं. सारा मागायला कोणी येत नाही. वैद्यही येत नाही. कोंडाबाई गेली परवा, पण लिहून घ्यायला दप्तरच नाही, म्हणून लोक तिला अजून गेलेली धरत नाहीत. रोज पान वाढतात." मग तिने विचारिले, "हे झालं कसं रे? आपलं गाव इतकं लहान होतं का, की दिसलं नाही?"

ओवाळणी घालावयाची होती आणि ताम्हण पलीकडे होते. धाकटा लॅपटॉप दरबाराने परत मागितला नव्हता म्हणोन काखेतच होता, तो पंतांनी शालीत बांधिला आणि ओढ्यावरून फेकिला, आणि तो पाखरासारखा अल्लद जाऊन आक्काच्या पदरात पडला. त्याचा हलकेपणा राज्याच्या वा कोणाच्याही कामी आला तो हा एकदाच.

"काय आहे हे?" आक्का म्हणाली.

"लॅपटॉप. उघडायला वेळ लागतो. पण आपलं गाव आहे त्यात. अर्धं."

आक्काने झाकण उघडिले आणि चक्र फिरू लागले. ती उभ्या उभ्या पाहात राहिली, निरांजन पुन्हा विझले, ते तिने पुन्हा लाविले नाही. बहुत वेळाने म्हणाली, "माझं घर दिसत नाही यात."

"ते दुसऱ्या अर्ध्यात आहे," पंत म्हणाले.

पुढे आक्का तो दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणोन ठेवू लागली, ऐसे पहारेकऱ्याकडून कळले. थोरला राजवाड्यात आहे, थंडीत महाराज त्यावर पाय शेकतात. रखमाजीराव आणि त्रिंबकपंत यांचा मान तसूभरही कमी जाहाला नाही. गोंदोपंत चाकरीवर आहेत, कोणी काही विचारिले की दोन्ही बाजू विचार करण्याजोग्या आहेत म्हणतात, आणि बसले असता दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवितात, जणू काही धरिले आहे. तात्पर्य इतकेच की, सतरा होते, अकरा होते, चौदाही होते, आणि गाव एकच होते. येथे ही हकीकत संपली. आंबेघोळच्या लोकांस ती पोचविता आली नाही, कारण पत्ता काय घालावा हे ठरलेले नाही.