न्हावऱ्याची टाच आणि रोमी चिमटा

श्री. मौजे न्हावरे, तालुके शिरूर, येथील मातबर पोपटराव, दूध संस्थेचे चेअरमन, यांस या मोहिमेत लाभ काय, ते आरंभीच मांडावे. दौंडास प्रदर्शनाची फीत कापणे आणि फ्लेक्सावर आधीच छापिलेला हसरा फोटो खरा करणे. खासे धड पायांनी फितीपुढे उभे न राहिले तर ती चुलतबंधू भैरू कापणार, आणि ते तर सकाळपासून कात्रीगत बोटे हालवीत होते.

प्रदर्शन मारुतराव गुरुजींचे. दोन हजार वर्षांमागील रोमी वैद्यांची शल्यशस्त्रे, त्यांच्या पितळी नकला: चाकू, सळया, काटे काढावयाचा चिमटा, दात उपटावयाची सांडशी. शस्त्रे म्हणोन गुरुजींनी मुहूर्त खंडेनवमीचा धरिला आणि सरंजाम पिकअपात घालण्यास पोपटरावांचे दारी आणिला, तो त्यांच्या पत्नी सारजाबाईसाहेब घरची हत्यारे पूजीत होत्या. पाहुण्यांस वगळावे कैसे, म्हणोन त्यांनी कोयता आणि पाना यांचे पंक्तीस रोमी फौज बसविली, हळदकुंकू वाहिले, झेंडू घातला. आणि पोपटराव अनवाणी नमस्कारास येतात, तो अंगणात बाभळीचा काटा टाचेत शिरला.

मग आकांत जाहला. गावचे डॉक्टर आपल्या हत्यारांस हार घालून सासुरवाडीस गेलेले. गुरुजी हर्षभरे चिमट्याकडे धावले, तो बाईसाहेबांचे फर्मान सुटले, की पूजेतले हत्यार दसऱ्याचे सोने वाटीपर्यंत मांडावे, चालवू नये.

गुरुजींनी अर्ज केला, "वैनी, रोमात खंडेनवमी नसती."

"रोम ऱ्हाऊ द्या रोमात. चिमटा न्हावऱ्यात हाय."

मग बाईसाहेबांनी कुंपणातून दुसरा काटा मोडून आणिला, आणि भैरूंनी जन्मात प्रथमच पोपटरावांचा पाय धरिला, आणि काटा निघाला. गुरुजींनी रोमी रिवाज म्हणोन चायनीजच्या गाडीवरले व्हिनेगर जखमेत ओतिले.

"आरं मेलो! गुरुजी, रोम बुडलं ते ह्याच्यामुळंच!"

ही आरोळी एसटी स्टँडावर ऐकू गेली ऐसे सांगतात.

मग हत्यारे पाटासकट पिकअपात चढली, मागोमाग सारजाबाई आणि भैरू चढले, आणि पोपटराव ताठ पावलाने दौंडास फितीपुढे उभे राहिले. कात्री मागितली, तो तीही आयोजकांनी पूजिलेली, कुंकू ल्यालेली. सारजाबाईंनी नुसते पाहिले. भैरू हसले. ते हसू साहवेना, म्हणोन पोपटरावांनी फीत दातांनी तोडिली. टाळ्या पडल्या, फत्ते जाहली.

हिशेब ऐसा: फीत पोपटरावांची. सत्काराचे कडक लाडू भैरूंनी खाल्ले. पोपटरावांचा पुढला दात लोंबत राहिला आणि रोमी सांडशी हातभर अंतरावर झेंडूखाली निजली. दुसरे दिवशी सोने वाटून होताच सारजाबाईंनी ती चालविली. किंमत दाताने भरिली. फ्लेक्सावर मात्र तो अद्याप शाबूत आहे.