प्रलय या शब्दाचा तिसरा अर्थ

जगाचा अंत कोणत्याही दिवशी होऊ शकतो, पण त्याची व्याख्या बैठकीतच व्हावी लागते. सेलू तालुक्यापुरती ही सोय आमच्याकडे अकरा वर्षांपासून आहे. तालुका धार्मिक शब्दकोश समिती दर सोमवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते आणि सध्या 'प' या अक्षरावर आहे. (त्या हिशेबाने जगाला बरीच सवड आहे.) माझ्या वडिलांचा शेवटचा साधा दिवस या व्याख्येतच गेला.

माझे वडील, विरूपाक्ष अप्पा, समितीचे चिटणीस. सारी नोकरी जिनिंगवर कापसाची प्रत ठरवण्यात गेली. कापूस चिमटीत ओढून ते धाग्याची लांबी सांगत. शब्दही तसेच ओढून बघत.

'प्रलय' त्यांच्याकडे आला तेव्हा पहिले दीड वर्ष तो लिहायचा कसा यातच गेले. अध्यक्ष माणिकराव शेतकरी, घरात जुन्या पोथ्या; त्यांच्या मते 'प्रळय'. पूर्णेहून येणारे निवृत्त रेल्वे बाबू भुजंगराव म्हणाले, 'ल' पटकन लिहिता येतो, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच घाई असणार. चार विरुद्ध तीन मतांनी 'ल' निवडून आला. मूळ संस्कृत: 'ली' म्हणजे विरघळणे, एकरूप होणे. (आमच्याकडे 'लय' म्हणजे 'फार', तेव्हा 'प्रलय' म्हणजे फारच फार, अशी व्युत्पत्ती भुजंगरावांनी मांडली होती. समितीने ती गांभीर्याने फेटाळली.)

अर्थ मात्र पुराव्याशिवाय घ्यायचा नाही, हा अप्पांचा दंडक. जिल्ह्यातल्या जिवंत माणसाने शब्द स्वतः वापरावा, दोघांनी ऐकावा आणि तसे चिठ्ठीवर लिहून द्यावे. एकसष्ट चिठ्ठ्या जमल्या. सदतीस पावसाविषयी, अकरा वीजपुरवठ्याविषयी, नऊ सुनांविषयी, तीन पिंगळी स्टेशनावर चुकलेल्या गाडीविषयी. एक कोरी निघाली. ती विचाराधीन आहे.

यावरून पहिला अर्थ मंजूर झाला: पाण्याने होणारा सृष्टीचा नाश. दुसरा पोथीतून घेतला: सर्व सृष्टीचे शिवात विरघळणे. अप्पांना तिसराही घ्यायचा होता: 'एकाच घरापुरता होणारा अंत'. त्याला पुरावा मिळेना.

त्या रविवारी इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळावर विभूती तशीच ठेवून ते ओसरीवर चिठ्ठ्या लावत बसले. मी शेजारी भेंडी चिरत होते.

"रंजू, आमच्या घरी प्रलय झाला, असं कोणी बोलतं का गं?"

"कोण बोलायलंय असं, अप्पा? नाटकातबी न्हाई."

"मग हा अर्थ पाडावा लागंल."

"पाडा. आन् हात धुऊन या, भाकरी वाळायली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडले ते उठलेच नाहीत. त्या सोमवारी बैठक झाली नाही. समितीच्या इतिहासातला हा पहिला खाडा.

पुढच्या सोमवारी मला बोलावणे आले. विषय दोन. एक, दुखवटा. दोन, प्रलय, अर्थ तिसरा: मंजूर अथवा रद्द.

दुखवट्याचा ठराव मागच्या एका ठरावावरून उतरवलेला होता, त्यामुळे अप्पांना अग्नी दिल्याचे त्यात नमूद होते. मी सांगितले, आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, हातात इष्टलिंग देऊन. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. माणिकराव म्हणाले, "बैठक तहकूब झाली तरी बसूनच राहायचा म्हणा तो." कोणी हसले नाही. मग सगळेच थोडे हसले.

"पोरी," ते पुढे म्हणाले, "त्या तिसऱ्या अर्थाची अप्पाला लय हौस व्हती. पर वाक्य पायजे. हाय का तुझ्याजवळ?"

"आज निकाल लागू द्या," भुजंगराव म्हणाले. "पुढं 'प्रसाद' खोळंबलाय."

म्हणजे वाक्य नसेल तर अप्पांचे शेवटचे काम आत्ताच, चहाच्या आधी, खोडले जाणार होते.

"आहे," मी म्हणाले.

भुजंगरावांनी नियमांची वही काढून नववा नियम वाचला: वाक्य ज्याला उद्देशून आहे, ती व्यक्ती ऐकायला हजर असावी. अक्षर अप्पांचेच होते. पुढे कंसात: सवलत नाही.

माझे वाक्य त्यामुळे दोनदा बाद होत होते. ऐकणारा हजर नव्हता, आणि वाक्यात 'प्रलय' हा शब्दच नव्हता. ज्या वाचकांचे वडील आत्ता शेजारच्या खोलीत खोकत आहेत, त्यांचे वाक्य नियमात चोख बसते. हे वाचून त्यातले कोणी उठून त्या खोलीत जाईल, असा समितीचा अनुभव नाही.

मी उभी राहिले. भुजंगरावांनी तरीही पेनाचे टोपण काढले.

"अप्पा," मी म्हणाले, "माझा तुमच्यावर लय जीव व्हता. एकदाबी बोलले न्हाई मी."