कोठारात कोण झोपतं?

आईच्या सोयाबीनचा वास सहन न होणारा मुलगा दकसूनबाईंच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. कोरियाच्या राजधानीत, सोलला नोकरी करून परत आल्यापासून ग्युहोनचं नाक फार शिकलं होतं. मेजू, म्हणजे शिजवून कुटलेल्या सोयाबीनच्या विटा, उबेला आंबवल्या नाहीत तर वर्षभर घरात कालवणाला चव नाही. पण चिरंजीवांनी विटा घराबाहेर काढल्या आणि परसात पत्र्याचं कोठार उभं केलं.

"रीतसर परवानगी काढलीय, आई. सामानाची खोली म्हणून."

"माझ्या मेजूंना सामान म्हणालास?"

मुलगा परगावी गेला तसं बाईंनी कोठाराच्या जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून घेतल्या, विटा ओळीने निजवल्या आणि वर रजया घातल्या.

तालुका कचेरीतले प्यो साहेब तपासणीला आले, तेव्हा ग्युहोनही नुकताच परतला होता. साहेबांनी दार किलकिलं केलं, वाकून जमिनीला तळवा लावला.

"आजी, इथे कोण झोपतं?"

"कुणी नाही," ग्युहोन म्हणाला.

"खोटं कशाला बोलतोस? झोपतात की, थंडी पडल्यापासून. साहेब, दार लावा, गारठतील बिचारे."

साहेबांनी आवाज खाली आणला. "भाडेकरू का?"

"घरच्यांकडून कसलं भाडं? मधूनमधून कूस बदलून द्यायची, बस."

"आजारी आहेत?"

"छे. अंगावर बुरशी धरलीय, छान पांढरी."

साहेबांनी ग्युहोनकडे पाहिलं आणि रुग्णवाहिकेसाठी फोन काढला. ग्युहोनने घाईने रजई उचलली. वास दारातून बाहेर पडला आणि ग्युहोन त्याच्याही पुढे.

साहेब इथल्याच मातीतले. त्यांनी मनापासून श्वास घेतला. "झकास जमलंय, आजी. पण गरम जमीन आणि वर अंथरूण, म्हणजे नियमाने हे घर झालं. या शेतपट्ट्यात एका आवारात दुसरं घर चालत नाही. नळ्या बंद करा, नाहीतर कोठार पाडावं लागेल."

"ऊब गेली तर मेजू नासतील."

"मग राहत्या घरात न्या. तिथे सोयाबीनला परवानगी लागत नाही."

बाई कोठारात शिरल्या. पहिली वीट रजईसकट छातीशी धरली आणि घरातल्या सगळ्यात उबदार खोलीकडे निघाल्या. ती ग्युहोनची होती. तो दारात आडवा उभा राहिला.

"आई, मग मी कुठे झोपू? कोठारात?"

"कोठारात माणसाने झोपायचं नाही, नियम आहे. तू पडलास रीतसर माणूस. सरक, भिंतीकडे झोप. आणि त्यांची रजई ओढू नकोस."