माशांचे कंपाउंडर

पुंडलीकबाब डिचोलीच्या मासळी बाजारात दिसले, की समजायचं, आज त्यांचा एकही मासा आजारी नाही.

मी चढवून सांगतोय असं वाटेल तुम्हाला. पण नियमच आहे त्यांचा. त्यांच्या औषधावर एक जरी मासा असला, तर ते ताटातल्या माशाला शिवत नाहीत. आता आमच्या गोव्यात श्रावण पाळणारेसुद्धा बोटांवर दिवस मोजत बसतात, आणि हा गृहस्थ कुणाच्या तरी काचेच्या टाकीतल्या शेपटीसाठी तीन-तीन आठवडे पेज आणि तोरांच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या लोणच्यावर काढतो. मी एकदा विचारलं, अहो, बाजारातल्या बांगड्याचा आणि टाकीतल्या माशाचा काय संबंध? तर म्हणाले, "संबंद नाय, मास्तर. पण सकाळी तेका टोचूचा आनि दुपारी तेच्या भावाक खावचा, ह्या माका जमणा नाय."

पुंडलीकबाब मूळचे पेडण्याचे. तिथे एका डॉक्टरांकडे त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली. दवाखान्यात बाहेरच्या बाकासमोर माशांची टाकी होती, आणि तिच्याकडे बघायला डॉक्टरांना वेळ नव्हता. तिथेच ह्यांचा हात बसला. डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, तेव्हा हे चिमटे, ड्रॉपर आणि भिंग घेऊन डिचोलीला आले आणि आमच्यापासून चार घरं सोडून राहिले. वीतभराच्या खालचा मासा ते पेशंट मानत नाहीत. लहान माशांचं सगळं देवाच्या हातात, मोठ्या माशाचं माझ्या, असं स्वच्छ सांगतात.

प्रत्येक पेशंटचा केसपेपर असतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, ठसठशीत अक्षरात. "कु. मोती, वय अंदाजे तीन वर्षे, तक्रार : परांच्या कडा झडणे, दगडास अंग घासणे." कुमारी की कुमार हे त्यांनाही ठाऊक नसतं. घरात शिरल्यावर राम राम नाही, कसे आहात नाही. "आदी पाणी दाखवा." मग टाकीतलं पाणी काचेच्या कोपात, म्हणजे पेल्यात काढायचं, जनेलापाशी, खिडकीत नेऊन उजेडात धरायचं, हुंगायचं. घरातली माणसं तोवर आपल्याच घरात पाहुण्यासारखी उभी.

आणि तोंड? काय विचारू नका. आजार पाण्यात असतो आणि पाण्याची चूक मालकाची, हे त्यांचं शास्त्र. ती चूक ते तोंडावर सांगणार, चारचौघांत सांगणार. मोरजीला एका हॉटेलात हातभर लांबीच्या माशाचे पर फाटले होते. मॅनेजरने महागाची औषधं ओतली होती. पुंडलीकबाब तीन तास सोडा पीत टाकीसमोर बसले. गिऱ्हाइकं काचेवर टकटक करत होती, मासा दचकून पळत होता आणि शोभेसाठी ठेवलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर आपटत होता. त्यांनी शिंपल्या काढल्या आणि मॅनेजरला भर हॉटेलात सांगितलं, की मासा ठीक आहे, औषध तुमच्या गिऱ्हाइकांना द्या. नार्व्याला एका म्हाताऱ्या बाईंनी तर माशाची दृष्ट काढून मीठ-मिरच्या टाकीतच टाकल्या होत्या. बिचारी रडकुंडीला आली होती. हे म्हणाले, "मीठ घातलात ता बरा केलात. मिरसांगो कित्याक? माशाचा हुमण करूचा होता?"

अशा माणसाला आपल्या घरी बोलवायचं म्हणजे धाडसच. पण माझ्यावर वेळ आली.

आमच्याकडे राजा नावाचा ऑस्कर मासा आहे. चांगला फूटभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे. शाळेतल्या एका सहकाऱ्याची बदली झाली तेव्हा त्यांनी तो टाकीसकट मला दिला. मी गणिताचा मास्तर, मला माशाचं काय सोयरसुतक? पण बाबांना तो आवडला. माझे बाबा सावंतवाडीकडून इकडे आले ते खाणीवर ट्रक चालवायला. पंचवीस वर्षं चालवला. खाणी बंद पडल्या, आणि वर्षभरात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं गेल्यात जमा. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत. दिवसभरात एकच काम ते स्वतःहून करत. सकाळी दहाला आणि दुपारी चारला, डाव्या हाताने राजाला खाणं घालायचं. दहा वाजायच्या आधीच त्यांची नजर घड्याळावर असे. माझी बायको म्हणायची, राजा आहे म्हणून बाबा सकाळी उठतात. ते खरंच होतं.

आणि एक दिवस राजाने खाणं सोडलं. दगडावर अंग घासायला लागला, परांच्या कडा पांढऱ्या पडून चिंध्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनीही पेजेची वाटी बाजूला सारली. मी घाबरलो, हे कबूल करतो. मासा मेला तर दुसरा आणता येतो, पण बाबांना तो दुसरा चालला असता असं मला वाटत नव्हतं.

पुंडलीकबाब आले. पाणी हुंगलं, भिंग लावलं. राजाच्या अंगावर मसुराच्या डाळीएवढ्या, काचेसारख्या आरपार चकत्या चिकटल्या होत्या. उवा, म्हणाले. माशाचं रक्त पितात, खाजवून खाजवून मासा पर फाडून घेतो. मग त्यांनी टाकीच्या कोपऱ्यात वाकून बघितलं, बाबांच्या खुर्चीमागच्या जनेलाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि गर्रकन माझ्याकडे वळले.

"मास्तर, चूक तुमची."

मी म्हटलं, मी काय केलं? मी तर टाकीला हातसुद्धा लावत नाही. "तीच चूक," म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं माझी अशी काही बिनपाण्याने केली, की शाळेत मी कुठल्या पोराची केली नसेल. बाल्दी धुतली नसेल, विहिरीचं पाणी तसंच ओतलं असेल, शिकलेली माणसं अशीच. बायको दारात उभी राहून ऐकत होती. बाबा टक लावून माझ्याकडे बघत होते, चुकार क्लिनरकडे बघावं तसे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग त्यांनी बाल्दीत लवंगेच्या तेलाचे मोजके थेंब घालून राजाला झोपवलं. माझे दोन हात धडधाकट असताना मला म्हणाले, तुम्ही कोप धरा. आणि राजाला ओल्या टॉवेलात घेऊन ठेवलं बाबांच्या मांडीवर. बाबांनी डाव्या हाताने त्याचे डोळे झाकले, उजवा हात नुसता खाली आधाराला. चिमट्याने एकेक ऊ निघाली. अकरा उवा मी धरलेल्या कोपात पडल्या. राजाला स्वच्छ पाण्यात सोडलं तर तो आडवाच. कल्ले हलेनात. पुंडलीकबाबांनी बाबांची खुर्ची टाकीला लावली, त्यांचा हात पाण्यात घातला आणि म्हणाले, "हळूहळू फुडे-माग करा. तोंडात पाणी जाव दी." बाबा करत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग कल्ला एकदा हलला, परत हलला, आणि राजा बाबांच्या हातातून सुटून कोपऱ्यात गेला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी रागावलेला होतो म्हणून ते लपवलं.

जाताना पथ्य सांगितलं. आगरवाड्याचं जाडं मीठ, रोज थोडं पाणी बदलणं. उवांची अंडी काचेला चिकटतात, म्हणून दर बुधवारी येऊन ती स्वतः खरवडणार. आणि खाणं फक्त बाटलीतलं, कोरडं. बाहेरचं काहीही नाही, कारण पेशंट आहे. हे सगळं माझ्याकडे बघून, पण जरा मोठ्यानेच.

मी चार दिवस फुगून होतो. रविवारी बाबांचा जुना क्लिनर आमोण्याहून आला. तो दर रविवारी येतो, मी त्या वेळी झोपलेला असतो. त्या दिवशी जागा होतो. त्याने पिशवीतून बाटली काढली. शेताच्या व्हाळातलं, ओढ्यातलं पाणी, आत वळवळणारे जिवंत बारीक मासे. बाबांनी मान हलवली, बाटली परत त्याच्याच हातात दिली आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "पथ्य."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची कोकणातली माणसं! आपल्याला शिळा मासा चालत नाही, मग राजाने कोरड्या गोळ्या का खायच्या? दर रविवारी त्याला ताजी मासळी मिळत होती, आणि तिच्यासोबत उवा. मागच्या रविवारची रिकामी बाटली जनेलात होती, टाकीच्या कोपऱ्यात व्हाळातला एक मासा उरला असणार. पुंडलीकबाबांनी सगळं पाहिलं होतं.

तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. एकटेच पेज जेवत होते. मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं, चूक कुणाची ती. मग मला का झाडलंत?

त्यांनी हात धुतला. "माज्या बायलेन एकदा भातात दोनदा मीठ घातला. दुखण्यातसून नुकतीच उठलेली. मी म्हटलंय, तुका आता कायच जमणा नाय, तू बस. ती बसली. मगे कितीवेळा विनवलंय, चुलीकडे परत गेलीच नाय." वाटी उचलून ठेवत म्हणाले, "तुमका बोललंय तर तुमी चार दीस फुगतलात आनि पाचव्या दिसा जेवतलात. बाबांका बोललंय आनि तेंनी माशाक खाणा घालूचा सोडल्यानी, तर तेंचो दीस कसो जातलो?"

तो पाचवाच दिवस होता, आणि मी जेवूनच आलो होतो.

पाच बुधवार पुंडलीकबाब आले. काच खरवडायला पंधरा मिनिटं आणि बाबांशेजारी बसायला दोन तास. एक बोलायचा, दुसरा ऐकायचा. विषय पेडण्याचा दवाखाना आणि बाबांच्या ट्रकच्या वाटेवरचा आमोण्याचा घाट. राजाच्या परांना काचेसारखी पातळ नवी किनार आली. बाबा दोन वाट्या पेज घ्यायला लागले. सहाव्या बुधवारी पुंडलीकबाबांनी सगळी टाकी भिंगाने तपासली, केसपेपरवर "बरा" असं लिहिलं, आणि पिशवी उचलून उभे राहिले. पुढच्या बुधवारी यायचं आता काही कारण नव्हतं, हे खोलीत सगळ्यांना कळलं.

बाबांनी डावा हात उचलून टाकीकडे बोट केलं. "ऊ," ते म्हणाले. शब्द गोळा करायला वेळ लागला. "एक… रवली."

मी वाकून बघितलं. टाकीत राजा होता, पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. पुंडलीकबाबांनी पिशवी खाली ठेवली. भिंग काढलं आणि बाबांनी दाखवलेल्या जागी डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

"होय," म्हणाले. "एक आसा. फुडल्या बुधवारी बघतंय तिका."

आणि केसपेपर उघडून त्यांनी "बरा"वर काट मारली.