निकाल म्हणजे निकाल

“पप्पा, तुम्ही आधी चूप बसा! बाई काय म्हणतेय ते ऐकू तर येऊ द्या!”

“मी कुठे बोलतोय? तुझी आई बोलतेय.”

“मी फक्त विचारलं, निकाल लागला का म्हणून.”

“सकाळपासून तेच विचारतेस, अरुंधती. निकाल, निकाल, निकाल! अगं, लागेल ना निकाल!”

“बघा, आता कोण बोलतंय?”

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, आमच्या खालच्या मजल्यावर, पुणतांबेकरांच्या घरी त्या सकाळी हे असं चाललं होतं. निशिगंधाताईला वकील व्हायचं होतं. भांडण्यात ती लहानपणापासून एक नंबर, फक्त फुकटात भांडून कंटाळली होती. एलएल.बी.ची प्रवेश परीक्षा तिने दिली होती, विद्यापीठाच्या पोर्टलवर तिचा निकाल येणार होता आणि आई-पप्पा दोघं तिच्या दोन्ही कानांना चिकटून बसले होते.

ताईला जन्मापासून दिसत नाही. तिचा लॅपटॉप बोलतो. पडद्यावर जे असेल ते एक बाई हिंदीत वाचून दाखवते, ताई ऐकते आणि बटणं दाबते. घरात सगळे तिला ‘बाई’च म्हणायचे. ताईचे पप्पा, दिनानाथकाका, तर अहो-जाहो करायचे. “काय म्हणतात बाई?” असं विचारायचे, जशी बाई आत्ताच सांवेरच्या बसमधून उतरून पाणी पीत बसलीय. आणि पडदा? तो कायम काळा. ताई म्हणायची, मला बघायचं नाही तर बॅटरी कशाला जाळू?

आता विद्यापीठाचं पोर्टल. आधी त्याच्यावर नुसती चित्रंच चित्रं होती. बाई बिचारी वाचायची, “बटन. बटन. बटन.” यातलं फीचं बटण कुठलं आणि फॉर्मचं कुठलं, देवालाच माहीत. ताईने विद्यापीठाला इतक्या तक्रारी पाठवल्या की तिथले लोक तिचं नाव बघूनच पाणी मागायचे. शेवटी त्यांनी जाहीर केलं, आता आमचं पोर्टल सगळ्यांसाठी, प्रत्येक बटणाला नाव दिलंय. ताई जाम खूश होती. आज पहिल्यांदा कोणाला न विचारता, स्वतःच्या बोटाने ती स्वतःचा निकाल बघणार होती.

“चूप! आलं पोर्टल,” ताई म्हणाली.

बाई बोलू लागली, “मुखपृष्ठ. बटन. आवेदन देखें. बटन. निकाल. बटन.”

“निकाल!” तिघं एकदम ओरडले.

ताईने एंटर दाबलं.

बाईने विचारलं, “क्या आप निश्चित हैं?”

“हे काय विचारणं झालं?” काका म्हणाले. “सांग त्यांना, शंभर टक्के!”

ताईने ‘हां’ दाबलं.

“प्रक्रिया सफल. धन्यवाद.”

मग अरुंधतीकाकूंनी ताईला मिठी मारली आणि रडायला लागल्या. “सफल म्हणाल्या गं बाई! सफल!” काका बनियनवरच खाली पळाले ते जलेबी घेऊनच आले. पोहे समोरच्या टपरीवरून मागवले. अर्धी गल्ली जमली. जो येईल त्याला काका सांगायचे, “ॲडव्होकेट निशिगंधा पुणतांबेकर. आता भिया, सांभाळून राहायचं.”

समोरच्या भानुमतीमावशी तेवढ्या जलेबी खाता खाता म्हणाल्या, “रँक किती आली?”

“रँक नाही सांगितली.”

“अशी कशी नाही सांगितली?”

“बाई जरा मोघम बोलतात,” काका म्हणाले आणि मावशींच्या प्लेटमध्ये अजून एक जलेबी टाकली.

पण मावशींचा प्रश्न ताईच्या डोक्यात अडकला. गर्दी पांगल्यावर तिने परत पोर्टल उघडलं. बाई म्हणाली, “आपका कोई आवेदन नहीं है.”

“झालंच ना काम,” काका म्हणाले, “आता कशाला पाहिजे आवेदन?”

ताईचा चेहरा उतरला. तिने मेल उघडली. बाईने तीही वाचली, त्याच गोड आवाजात, जरासुद्धा न लाजता: “आपने एलएल.बी. प्रवेश सूची से अपना नाम वापस ले लिया है. आपके उज्ज्वल भविष्य की कामना.”

काकूंच्या हातातलं जलेबीचं ताट तसंच राहिलं. निम्मी जलेबी अजून त्यात होती. ती कोणी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई आणि काका ऑटो करून विद्यापीठात पोचले. खिडकीवरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि मान हलवली. “मैडम, आपने खुद निकाला है नाम. हमने थोड़ी निकाला.” मग कॉम्प्युटर सेंटरकडे बोट दाखवलं. कोणाला दाखवतोय याचा विचार मात्र केला नाही.

कॉम्प्युटर सेंटरमध्ये हृषीकेश सर बसलेले. काडीसारखा माणूस, गळ्यात हेडफोन, टेबलावर उघडा डबा. ताईचं नाव ऐकलं आणि ताडकन उभे राहिले. “तुम्ही निशिगंधा? त्या तक्रारवाल्या? या, या ना! बघितलंत ना पोर्टल? सगळी नावं मीच टाकलीयत, ताई. रविवारी बसून. बायको माहेरी निघून गेली, एवढं काम केलं.”

बिचारा शाबासकीची वाट बघत होता. ताईने विचारलं, “निकाल हे नाव तुम्हीच टाकलंत?”

“हो. डस्टबिनचं चित्र आहे ना, त्याला. नाव निकालायचं बटण.”

“निकालायचं?”

“म्हणजे... आपण घरी नाही का म्हणत, कचरा निकाल, गाडी निकाल?”

“आमच्या घरी कचरा काढतात!” ताई कडाडली. “आणि निकाल लागतो! सर, तुम्ही मराठी ना?”

“हो तर. पुरा मराठी.”

“मग निकाल म्हणजे काय?”

हृषीकेश सरांच्या डोक्यात दिवा पेटताना सरळ दिसत होता. मग हळूच म्हणाले, “पण खाली मी ‘परिणाम’ लिहिलंय ना. त्याच्यात होता तुमचा रिझल्ट.”

“खालपर्यंत गेलोच नाही आम्ही,” काका म्हणाले. “वरतीच निकाल लागला. परिणाम तर आता भोगतोय!”

सर खुर्चीत बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी मधुरिमा मॅडमना बोलावलं. त्या प्रवेशाचं सगळं बघायच्या. मॅडमनी ऐकून घेतलं, ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बेटा, मला समजतंय. पण नाव एकदा गेलं की सिस्टीम परत घेत नाही. पोर्टल पूर्ण लिस्टसाठी उघडतं. एकीसाठी नाही उघडता येत.”

“चूक तुमची आहे, मॅडम.”

“आहे. पण चुकीचं बटण नाहीये ना सिस्टीममध्ये.” असं म्हणून मॅडम मीटिंगला गेल्या. एवढ्या गोड माणसावर ओरडणार तरी कसं? ताईचा राग तसाच आत राहिला आणि तो सगळा हृषीकेश सरांवर आला.

“सर, नावं टाकल्यावर तुम्ही एकदा तरी तपासलंत?”

“तपासलं ना. एकेक बटण.”

“ऐकून?”

“...बघून.”

“मग आता ऐका.” ताईने टेबल चाचपलं, मॉनिटरचं बटण शोधलं आणि बंद केलं. “आता माउसला हात नाही लावायचा. तुमच्या कॉम्प्युटरवर बाई आहे ना? चालू करा. आणि माझं नाव शोधून दाखवा लिस्टमध्ये.”

“पण ताई, मी माझ्या ॲडमिन लॉगिनमध्ये...”

“मग तर अजून सोपं जाईल तुम्हाला.”

सरांनी बाई चालू केली. हेडफोन काढून स्पीकरवर टाकली. बाई सुटली: “मुखपृष्ठ-बटन-सूची-एलएलबी-सब-चुनें-चेकबॉक्स...”

“अरे हळू! हळू बोला हो!” सर ओरडले.

“बाईंशी नीट बोला,” काका म्हणाले.

सर टॅब दाबत गेले. कुठे आलो ते कळेना. मागे गेले, पुढे गेले. कपाळावर घाम. बाई म्हणाली, “सब चुनें. चयनित.” सर म्हणाले, “हे काय सिलेक्ट झालं? काढू कसं?” परत टॅब. बाई म्हणाली, “निकाल. बटन.” सर म्हणाले, “हां, काढायचंच आहे,” आणि स्पेस दाबून मोकळे झाले.

“क्या आप निश्चित हैं?”

“कशाबद्दल?” सरांनी कॉम्प्युटरलाच विचारलं.

“शंभर टक्के म्हणायचं असतं,” काकांनी सवयीने सांगून टाकलं.

सरांनी एंटर मारलं.

“प्रक्रिया सफल. धन्यवाद.”

ताईने कान टवकारले. मग म्हणाली, “सर, मॉनिटर लावा.”

सरांनी मॉनिटर लावला. एलएल.बी.ची अख्खी लिस्ट साफ होती. पडदा असा पांढरा, जसं इंदूर शहरात वकील कोणाला व्हायचंच नाही. बाहेरच्या व्हरांड्यात एका पोराचा मोबाईल वाजला. मग दुसऱ्याचा. मग एक मुलगी ओरडली, “अबे, मेरे उज्ज्वल भविष्य की कामना कौन कर रहा है?”

मधुरिमा मॅडम मीटिंग सोडून पळत आल्या. मागून खिडकीवाला आला. फोन वाजायला लागले. हृषीकेश सर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, मी टेस्टिंग करत होतो. दिव्यांगांच्या सोयीची टेस्टिंग.”

“आणि?”

“सोय नाहीये, मॅडम.”

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. मग ताईकडे बघितलं. बघतच राहिल्या. त्यांच्या तोंडावर हसू आलं ते त्यांनी पदराने पुसून टाकलं. आता एकीसाठी नाही, पूर्ण लिस्टसाठी पोर्टल उघडावं लागणार होतं. संध्याकाळच्या आत नोटीस लागली: तांत्रिक कारणांमुळे मुदत वाढवली आहे, सर्वांनी पुन्हा अर्ज भरावा, परीक्षेचे गुण तेच राहतील.

पहिला अर्ज कॉम्प्युटर सेंटरमध्येच भरला गेला, ताईच्या बोटांनी. शेजारी हृषीकेश सर बसून एकेक बटणाचं नाव बदलत होते आणि प्रत्येक नावावर दोघं भांडत होते. डस्टबिनच्या चित्राखाली आता लिहिलंय, “सावधान, नाम कट जाएगा.” सर म्हणाले, जरा लांब होतंय. ताई म्हणाली, होऊ द्या. मध्येच सरांनी डब्यातली बटाट्याची भाजी पुढे केली. काकांनी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

मग प्रवेशाची लिस्ट लागली. बाई म्हणाली, “आपको प्रवेश दिया गया है.” घरात कोणी हललं नाही. काका म्हणाले, “निशी, आधी लॅपटॉपचा पडदा चालू कर.” मग खिडकीतून ओरडून भानुमतीमावशींना बोलावलं. मावशींनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं, दोनदा वाचलं. “मिळाली हो सीट. आणि रँक पण आहे, चांगली आहे.” तेव्हा कुठे काकू रडल्या. काका मात्र लॅपटॉपसमोर वाकले आणि हळूच म्हणाले, “माफ करा, बाई. तुमच्यावर शंका घेतली.”

आज ताईचा पहिला दिवस. सकाळपासून फोनवर हृषीकेश सरांशी भांडण चालू आहे. विद्यापीठाने पोर्टलवर टाइमटेबलचा नुसता फोटो टाकलाय आणि बाई त्याला फक्त “चित्र” म्हणते. “कसलं चित्र, सर? मोराचं की गणपतीचं? माझा तास कुठल्या खोलीत आहे?” आता ती खालून माझ्या नावाने ओरडतेय, ये आणि वाचून दे म्हणून. मला जायला पाहिजे.