पाचवं मत

वडिलांच्या आयुष्यातल्या शेवटच्या रविवारी घरात मतदान होतं. हे तिसरं मतदान, आणि विषय दोन महिने तोच: बोटीची सहल कुठली घ्यायची. एक बोट बेटांवर जाणारी होती. सात दिवस, तीन बेटं, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि मधले दोन दिवस नुसता समुद्र. दुसरी बोट किनारा धरून जाणारी. दीपगृहं, उंच कडे, मागे डोंगर आणि रोज संध्याकाळी नव्या बंदरात मुक्काम. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने आईवडिलांना ही सहल भेट दिली होती. खालच्या मजल्यावरची आत्याही बरोबर जाणार होती, कारण आत्याला वगळून या घरातून कोणी कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा जात नसे.

दुसऱ्या घरात हे प्रकरण एका चहात मिटलं असतं. पण वडिलांनी नोकरीत असताना एकतीस वर्षं कर्मचारी संघटनेच्या निवडणुका घेतल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांचा हात रिकामा राहीना. पडद्यांचा रंग गुप्त मतदानाने ठरला. फ्रिज दुसऱ्या फेरीत निवडून आला. वडील स्वतः मत देत नसत. "निवडणूक अधिकाऱ्याला आवडनिवड नसते," असं ते म्हणत आणि मग पुढ्यात येईल ती भाजी नाक मुरडून खात. मतदार तीन: आई, आत्या आणि मुलगी. मुलगी बसने दोन तासांवरच्या शहरात नोकरीला होती. पूर्वी ती दोन-दोन महिने फिरकत नसे. पण फोनवरून दिलेलं मत बाद धरलं जात असल्यामुळे बोटीच्या भानगडीत तिच्या खेपा वाढल्या होत्या.

पहिली फेरी रद्द झाली, कारण आत्याने फुली मारता मारता आतून ओरडून विचारलं होतं, "दादा, बेट डावीकडे आहे ना?" दुसऱ्या फेरीत मतपेटीचं, म्हणजे बिस्किटांच्या डब्याचं, झाकण अडकलं. आईने बत्ता घातला, तेव्हा मतांसकट डब्याचा चेंदामेंदा झाला.

तिसऱ्या फेरीला नवा डबा होता. मतदान केंद्र आतल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर. वडिलांनी पट्टीने रेघा मारून सहा मतपत्रिका केल्या होत्या. तीन मतदारांच्या तीन, आणि तीन कोणी चुकलंच तर म्हणून टेबलाच्या खणात. प्रत्येकीच्या मागे त्यांची सही.

अकरा वाजता आत्या जिना चढून आली आणि दारातच अडवली गेली.

"हा गाऊन चालणार नाही," वडील म्हणाले.

"का? धुतलेला आहे."

"नारळाची झाडं आहेत त्यावर. हा प्रचार झाला."

"अरे, चार वर्षं जुना गाऊन आहे हा! तेव्हा कुठे बोट होती?"

"झाडं तर आहेत ना? उलटा करून घाल."

आत्या पुटपुटत आत गेली आणि गाऊन उलटा घालून आली. झाडं आता फिकी दिसत होती, शिवाय बगलेत कंपनीची चिठ्ठी लोंबत होती. तिने लगेच बोट दाखवलं. "आणि वहिनीने चहाच्या कपाखाली काय ठेवलंय ते बघ की!"

आईने प्रत्येक कपाखाली किनाऱ्याच्या सहलीचं एकेक रंगीत पान घातलं होतं. आत्याचा कप तर नेमका दीपगृहावर होता.

"टेबलाला डाग पडतात," आई म्हणाली.

"चाळीस वर्षं पडत नव्हते ते?" वडिलांनी पानं जप्त केली. "मतदाराला आमिष. तोंडी ताकीद देतो."

"अहो, मला एवढंच म्हणायचंय, बोटीत बसल्यावर जमीन दिसली पाहिजे. नुसतं पाणीच बघायचं तर मी गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून बसते."

"आणि जमीनच बघायची तर वहिनी, बसने जा की!" आत्या म्हणाली. "खिडकीची जागा मिळते."

मुलगी हसली. दोन महिन्यांत हा संवाद तिने दहा वेळा तरी ऐकला होता, आणि त्यात दर रविवारी एखादं नवं वाक्य शिरत होतं.

मतदान सुरू झालं. आधी आई गेली. मग आत्या गेली आणि चष्मा विसरला म्हणून बाहेर आली. तो तिच्याच डोक्यावर सापडल्यावर पुन्हा गेली. मग मुलगी गेली. शेवटी वडील "पेन्सिल जागेवर आहे का ते बघतो" म्हणून आत गेले आणि जरा वेळाने डबा छातीशी धरून बाहेर आले.

जेवणाच्या टेबलावर मोजणी झाली. वडिलांनी एकेक घडी उलगडून वर धरली.

"बेट, एक. किनारा, एक. बेट, दोन."

"जिंकले!" आत्या उठली.

"बस. डब्यात अजून आहे." वडिलांनी चौथी मतपत्रिका काढली. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, नंतर आठवल्यावर तो जरा जास्तच शांत वाटला. "यावर दोन्हीकडे फुली आहे. मतदार तीन आणि मतं चार. नियमानुसार ही निवडणूक..."

बोलता बोलता सवयीने त्यांनी डबा उपडा केला. आतून आणखी एक घडी पडली.

वडिलांचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी ती घडी उघडली. कोरी होती. मागे सही त्यांचीच. त्यांनी डब्यात हात घालून कोपरे चाचपले, पत्रिका पुन्हा मोजल्या, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा मोजल्या.

"पाच," ते म्हणाले. आवाज खरोखरच बसला होता.

"चार काय आणि पाच काय, बोगस ते बोगस," आई म्हणाली. "आमटी निवतेय."

"चार काय आणि पाच काय? फरक आहे! फार फरक आहे!" वडील आत जाऊन खण बघून आले. तीनपैकी एकच पत्रिका उरली होती. ते परत येऊन खुर्चीत बसले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. आत्याच्या तोंडावर नजर जरा जास्त रेंगाळली.

"माझ्याकडे काय बघतोस? मी जिंकले होते!" आत्या भडकली. "जिंकणारा कशाला घोळ घालेल?"

"मी कोणाचं नाव घेतलं का?"

"डोळ्यांनी घेतलंस!" ती तशीच उलट्या गाऊनमध्ये जिना उतरून खाली गेली. जेवायलाही वर आली नाही. आईने तिचं ताट खाली पोहोचवलं. फेरमतदान पुढच्या रविवारी अकरा वाजता, अशी सूचना वडिलांनी फ्रिजवर लावली.

संध्याकाळी ते नेहमीसारखे मुलीला बसथांब्यावर सोडायला आले. रस्ताभर बोटांवर मतं मोजत होते. थांब्यावरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"तुला एक सांगायचंय. आईला सांगू नकोस."

"काय?"

"चौथं मत माझं होतं."

मुलगी बाकावर त्यांच्याकडे वळून बसली.

"म्हणजे निकालात ढवळाढवळ केली नाही हं. दोन्हीकडे फुली मारली, म्हणजे कोणाचंच पारडं जड नको. फक्त मतं जास्त भरायला हवी होती. तो डब्याच्या झाकणाला गोंदसुद्धा मीच लावला होता, मागच्या वेळी. पण तुझी आई बत्ता आणेल असं वाटलं नव्हतं."

"पण का, बाबा?"

वडील रस्त्याकडे बघत राहिले. "निकाल लागला असता तर पुढच्या रविवारी तू कशाला आली असतीस?" मग लगेच, कोणी ऐकलं तर पंचाईत म्हणून की काय, ते घाईने म्हणाले, "ते जाऊ दे. प्रश्न तो नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी बोगस मत टाकतो, आणि त्याच डब्यात दुसऱ्या कोणाचं तरी बोगस मत निघतं! अगं, घरात भामटा आहे. म्हणजे मी सोडून आणखी एक!"

"असेल कोणीतरी," मुलगी म्हणाली.

"कोणीतरी कसं? मी सगळा विचार केलाय. तुझी आत्याच. बेटाला जास्तीचं मत घालायला गेली आणि ऐन वेळी चष्मा सापडेना, म्हणून कोरंच पडलं." ते स्वतःशीच मान हलवत राहिले. "माझी सख्खी बहीण! पुढच्या रविवारी तिला धरतो."

मुलगी इतकी हसली की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस आली. म्हटलं तर एक वाक्य सांगायला वेळ होता. पण त्यांचा तो गोंधळलेला चेहरा तिला आणखी एक आठवडा टिकवून ठेवावासा वाटला. ती खिडकीत बसली. बाहेर वडील पाच बोटं वर करून, पुन्हा त्यांच्याकडे बघून, नकारार्थी मान हलवत होते.

सोमवारी सकाळी दाढीचं पाणी तापेपर्यंत ते खुर्चीत बसले, ते उठले नाहीत.

पाच आठवड्यांनी प्रवास कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्यांना काही माहीत नव्हतं. "सर आहेत का? यावेळी तरी ठरलं का त्यांचं?" त्या हसत म्हणाल्या. आईने त्यांना सांगितलं, मग त्या रडायला लागल्या म्हणून आईलाच त्यांची समजूत घालावी लागली. जागा धरून ठेवल्या आहेत, शनिवारपर्यंत कळवा किंवा रद्द करा, असं त्या म्हणाल्या.

शुक्रवारी मुलगी रजा टाकून आली. तिघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या.

"रद्द करायची नाही," आई म्हणाली. "त्यांनी तीन मतदानं घेतली, ती काय रद्द करायला? आणि निकाल तर लागलाच होता. दोन फुल्यांचं आणि कोरं सोडलं तर बेट दोन, किनारा एक. बेट घ्या."

"तुला पाण्याची भीती वाटते ना, आई?"

"डोळे मिटून बसेन. आत्या सांगेल काय दिसतंय ते."

आत्याने मात्र मान हलवली. "मी येणार नाही, वहिनी. मला ती बोट जन्मात चढायची नाही."

"आता काय झालं?"

"दादा माझ्यावर संशय घेऊन गेला." आत्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मी त्या दिवशी रागाने खाली गेले ते गेलेच. सकाळी वर आले तेव्हा... मी एकच मत टाकलं होतं गं. एकच. ते त्याला सांगायचं राहिलं. आणि मी त्याच बेटावर जाऊन आता वाळूत पाय पसरून बसू?"

"चौथं मत ह्यांचंच होतं," आई म्हणाली.

मुलीने चमकून आईकडे बघितलं.

"फ्रिजच्या वेळी पण त्यांनीच पहिली फेरी मोडली होती. मला काय दिसत नाही? रविवार जवळ आला की पट्टी-पेन्सिल घेऊन बसायचे, आणि बसची वेळ झाली की तोंड उतरायचं. म्हटलं, मोडू देत. फ्रिज काय पळून जातोय?"

आत्या आ वासून बघत राहिली. "दादाने? दादाने बोगस मत टाकलं? अरे, कॅरममध्ये सोंगटी हलली तर सांगायचा हा माणूस!" ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग तिला आठवलं. "पण पाच होती ना? त्याचं चौथं. मग तो दिवसभर शोधत काय होता? माझं म्हणून शोधत होता ना? सांग, पाचवं कोणाचं होतं?"

आई टेबलावरचे कप उचलायला लागली होती, ती थांबली. मुलीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. विचारलं आत्याने होतं, पण मुलीच्या तोंडून उत्तर आलं ते आत्यासाठी नव्हतं.

"पाचवं माझं होतं, बाबा," ती म्हणाली. "मलाही पुढच्या रविवारी यायचं होतं."